हे तुमच्याबरोबर आहेत का?

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१४ जानेवारी

प्रिय मालिनी,

आज संक्रांत, आणि इथे खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलंय. तिळाच्या वड्या केल्या. ईशानने दोन खाल्ल्या, बाकीच्या मीच संपवते आहे. माझा मुलगा गोड खात नाही आणि मला ते सोडवत नाही, असं आमचं चालतं.

आता मुद्द्याचं. काल तुझ्या सुनेचा, सीमाचा फोन आला होता. कानात मशीन असूनही मला तिचं निम्मंच कळलं, उरलेलं ईशानने मोठमोठ्याने सांगितलं. तुम्ही दोघं इक्वेडोरला निघालात म्हणे. तेही टूर कंपनीशिवाय, तिथल्या एसटीसारख्या बसने आणि मिळेल त्या टॅक्सीने. मालिनी, माझा भाऊ बहात्तरचा आहे. लहानपणी त्याला बैलगाडीसुद्धा लागायची.

तुमच्या डॅलसच्या मंडळाची पेरूची टूर आहे ना त्याच सुमारास? आपली माणसं बरोबर, जेवायला वरणभात, दारात गाडी. ते सोडून हा हट्ट कशाला? श्रीराम साधा माणूस, तू म्हणशील तिकडे येतो. ही काटकसर असेल तर सांग, मी तुझ्या मुलाशी, संजीवशी बोलते.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. लिही.

रागावलेली, पण तुझीच,
शोभना


फ्रिस्को, टेक्सस
१९ जानेवारी

ती. शोभनाताई,

तुमचा राग पोचला, वड्या नाही पोचल्या.

काटकसर नाही हो. यांनी नागपूरच्या कॉलेजात सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली आणि दरवर्षी वर्गात चिंबोरासो पर्वताची गोष्ट सांगितली. पृथ्वीच्या मध्यापासून सगळ्यात लांबचं टोक एव्हरेस्टचं नाही, इक्वेडोरमधल्या या चिंबोरासोचं, कारण पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे. तो डोंगर यांना एकदा डोळ्यांनी बघायचाय. मंडळाची टूर तिकडे फिरकत नाही. शिवाय टूरमध्ये सकाळी उजाडायच्या आत बॅगा बाहेर ठेवा, सगळ्यांच्या आधी नाश्त्याला या, संध्याकाळी अंताक्षरी. आम्हाला आमच्या चालीने फिरायचंय.

तिथे बस सगळीकडे जातात आणि सारख्या असतात, असं वाचलंय. मी फोनवर स्पॅनिश शिकते आहे. यांची तब्येत उत्तम आहे. तुम्ही मुळीच काळजी करू नका.

तुमची,
मालिनी


बान्योस, इक्वेडोर
१ मार्च

ती. शोभनाताई,

इथे येऊन आठवडा होऊन गेला. तुमच्या भावाला अजून गाडी लागलेली नाही, ही पहिली बातमी.

राजधानी कितोचं बस टर्मिनल म्हणजे विमानतळच वाटावा एवढं मोठं आहे. खिडकीवर तिकीट काढायचं आणि फलाटाकडे जायचं. बसच्या दारात कंडक्टर लटकून गावाचं नाव ओरडत असतो, आंबातो, आंबातो, आंबातो, अगदी आपल्या नागपूरच्या मोरभवन स्टँडसारखं. बस सुटली तरी वाटेत हात केलेल्या प्रत्येकाला घेतात. बॅग मांडीवर घेऊन बसायची, वर किंवा पायाशी ठेवायची नाही, हे मला हॉटेलच्या बाईंनी दोनदा बजावलं. शहरात पिवळ्या टॅक्सी आहेत, आणि लहान गावांत पांढऱ्या पिकअप हीच टॅक्सी. पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं किंवा मागे भाजीच्या पोत्यांबरोबर. आम्ही ओतावालो गावात मागे बसलो. केसांचं घरटं झालं.

बसमध्ये फेरीवाले चढतात. एकाने लांबलचक भाषण केलं आणि प्रत्येकाच्या मांडीवर गोळ्यांचं पाकीट ठेवत गेला. नको असेल तर परत घेतो. पण यांनी प्रसाद समजून ते कपाळाला लावलं आणि फोडून खाल्लं. बस हसली, मीही हसले, आणि पाकीट विकत घेतलं. प्रत्येक स्टँडवर हे मला विचारतात, 'नागपूर आलं का?' तुम्हाला माहीत आहे यांचा विनोद.

काल हे एका स्टॉपला उगाचच खाली उतरले होते. कंडक्टरने हाताला धरून वर आणलं. उंचीवर दम लागतो, डोकं जड होतं, त्यामुळे असेल.

बान्योस डोंगरात खोलगट जागी वसलंय, गरम पाण्याची कुंडं आहेत. परवापासून कार्निव्हलची सुट्टी, पोरंठोरं एकमेकांवर पाणी आणि साबणाचा फेस उडवत हिंडताहेत. त्या गर्दीतूनच आम्ही रिओबाम्बाला जाणार. तिथून चिंबोरासो दिसतो.

खूप खूप मजा येते आहे.

तुमची,
मालिनी


ईडन प्रेरी
३ मार्च

प्रिय मालिनी,

ईशानच्या फोनवर आलेला तुझ्या पत्राचा फोटो दोनदा वाचला. आता मला थोडा हेवा वाटतोय, पण तो मी कबूल करणार नाही.

एक गंमत सांगते. तुम्ही कितोहून फोन केलात ना, तेव्हा श्रीराम मला म्हणाला असं वाटलं, 'आई जेवली का?' आमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, हो, मी जेवले. हे माझं मशीन आता बदलायलाच हवं, भलतंच ऐकवतं.

डोंगर दिसला की लगेच कळव.

शोभना


ईडन प्रेरी
१२ मार्च

मालिनी,

माझ्या पत्राला उत्तर नाही. काल ईशानने संजीवला फोन केला तेव्हा कळलं की तुम्ही चार दिवस आधीच परत आलात, आणि श्रीराम तिथे हरवला होता. हरवला होता, मालिनी. परक्या देशात, भाषा येत नाही अशा ठिकाणी, अख्खा दिवस. आणि हे मला माझ्या मुलाच्या तोंडून कळतं.

मी तुला जानेवारीतच लिहिलं होतं. तुला तुझ्या चालीने फिरायचं होतं. त्या बसगाड्यांच्या धक्काबुक्कीत माझ्या भावाला कुठे कुठे फरफटत नेलंस तू? एक गाडी ठरवली असतीस तर काय झालं असतं? त्याला काही झालं असतं तर तू मला काय सांगणार होतीस?

काय झालं ते सविस्तर लिही.

शोभना


फ्रिस्को
१४ मार्च

ती. शोभनाताई,

तुमचा राग योग्य आहे. कार्निव्हलची गर्दी होती. बस बदलताना यांचा हात सुटला. संध्याकाळच्या आत सापडले. खरचटलंसुद्धा नाही. आता घरी आहेत, नीट जेवतात.

जास्त लिहवत नाही. क्षमा करा.

मालिनी


ईडन प्रेरी
३० मार्च

प्रिय मालिनी,

आज पाडवा. आधी माझे कान पकडते आणि मग पुढचं लिहिते.

काल इथल्या मंडळाचा कार्यक्रम झाला. तिथे प्रीता भेटली, गेल्या वर्षी अध्यक्ष होती ती. तिची भाची रुचा आणि रुचाचा नवरा देवांग क्युपर्टिनोला असतात. ते दोघं तुमच्याच बसमध्ये होते, हे तू मला का नाही लिहिलंस? प्रीताने सगळं सांगितलं, मला ऐकू यावं म्हणून माईकजवळ उभी राहून, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं. तू टॅक्सीमागून टॅक्सी बदलून गावंच्या गावं पालथी घातलीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. रुचा तिला म्हणाली की काकूंसारखी बाई मी पाहिली नाही.

मी तुला काय काय लिहून बसले. मला माझीच लाज वाटली. हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान खाली घालून बसले होते, कारण त्या टाळ्या तुझ्यासाठी होत्या आणि मी तुला शिव्या दिल्या होत्या.

आता मंडळाच्या अंकासाठी तू हा अनुभव लिहावास असं सगळ्यांचं म्हणणं आहे. 'नवऱ्यासाठी परदेश पालथा घालणारी' असं काहीतरी नाव प्रीताने सुचवलंय. नाही म्हणू नकोस.

तुझी,
शोभना


फ्रिस्को
२ एप्रिल

ती. शोभनाताई,

हे पत्र मी घराबाहेर गाडीत बसून लिहिते आहे. हे आत टीव्हीसमोर आहेत, सीमा आलेली आहे.

अंकासाठी मी लिहिणार नाही. तुम्हाला लिहिते. वाचून झाल्यावर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजेन.

यांना विसरायला होतं. साधं वयाचं विसरणं नाही. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मी एकटीच यांना घेऊन गेले होते. संजीवला सांगितलं की बाबा जरा विसरभोळे झालेत. तुम्हाला तेवढंही सांगितलं नाही. तुमच्या मशीनने भलतं ऐकवलं नव्हतं. यांनी खरंच विचारलं होतं, आई जेवली का.

मंडळाच्या टूरला मी गेले नाही ते त्या चाळीस मराठी माणसांमुळे. गेल्या गणपतीत हे आरतीच्या मध्येच उठून पाहुण्यांच्या चपला पिशवीत भरायला लागले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पण सगळ्या फार चांगल्या वागल्या. तेव्हापासून मी आपल्या लोकांत यांना नेणं बंद केलं. पण डोंगराचं यांचं वेड जाईना. मग मी ठरवलं, जिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही, आपली भाषा कळणारं कुणी नाही, अशा बसमधून न्यावं. तिथे हे काहीही बोलले तरी कुणाला कळणार आहे? म्हणून बस, म्हणून टॅक्सी. तुम्हाला तो माझा हट्ट वाटला. मी तसं वाटू दिलं.

आणि एक आठवडा खरंच बरा गेला. गोळ्या फोडून खाल्ल्या तेव्हा बसमधले लोक हसले ते मला लागलं नाही, कारण ते आपले नव्हते.

कार्निव्हलच्या दिवशी आंबातोला बस बदलली. रिओबाम्बाची बस खच्चून भरलेली. मला ड्रायव्हरच्या मागे जागा मिळाली, यांना पार मागे. निघण्याआधी पोरांनी यांच्यावर फेस आणि पाणी उडवलं होतं, केस पांढरे झाले होते. हेही हसत होते. मी मनात म्हटलं, तासाभराचा तर रस्ता आहे.

बसमध्ये मागे एक संडास असतो, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली कंडक्टरकडे. हे उठून ते दार ओढत राहिले. कंडक्टर पुढे पैसे घेत होता. मला दिसत होतं. मी उठले असते तर त्या गर्दीतून मागे जाता आलं असतं. मी म्हटलं, आवरतील.

आवरलं नाही. आधी लोकांना वाटलं कार्निव्हलचं पाणी आहे, कुणीतरी टाळी वाजवली. मग वास आला. शेजारच्या बाईने तोंडाला शाल लावली आणि यांना वाटलं, ती शाल आईची आहे. ती ओढायला लागले. 'माझ्या आईची आहे, सोड, चोर आहेस तू.' मराठीत, वर्गात ओरडायचे त्या आवाजात. अख्खी बस माना वळवून बघायला लागली. मीही वळून बघितलं, शोभनाताई. बाकीच्यांसारखं. जणू कोण आहे हा माणूस.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक मुलगी उठून माझ्याकडे आली. जीन्स, पाठीला सॅक. मला मराठीत म्हणाली, "काकू, ते आजोबा मराठी बोलताहेत. हे तुमच्याबरोबर आहेत का?"

मी तिला इंग्रजीत उत्तर दिलं. म्हटलं, "नो. आय डोन्ट नो हिम."

तिने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं. "सॉरी," म्हणाली आणि मागे गेली. ती रुचा.

कंडक्टरने बस एका फाट्यावर थांबवली आणि सगळ्यांना विचारलं. काय विचारलं ते स्पॅनिश फारसं न येताही कळत होतं, हा माणूस कुणाचा? मी खिडकीबाहेर बघत बसले. तिथे एक भाजीवाली उतरत होती. तिने यांच्या कोपराला धरलं आणि काहीतरी समजावत खाली नेलं. कंडक्टरला वाटलं असेल, सोय झाली. रुचा त्याच्याशी काही बोलत होती, पण त्याने बसच्या पत्र्यावर थाप मारली होती. बस निघाली.

मला ते रस्त्याच्या कडेला दिसले. ओली पँट, डोक्याला फेस. बसकडे बघतच नव्हते. वर बघत होते. ढग हटले होते आणि तो डोंगर दिसत होता, सगळा पांढरा.

आणि मला हलकं वाटलं. तेच खरं आहे. भीती नंतर आली. आधी हलकं वाटलं. माझ्या शेजारची बाई पाव खात होती, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, मी नुसती एक प्रवासी होते.

मग रस्ता वळला, ते दिसेनासे झाले, आणि मी किंचाळत उठले.

बस पुढच्या गावाशिवाय थांबेना. मी उतरले तेव्हा रुचा आणि देवांग त्यांच्या सॅक घेऊन माझ्यामागे उतरले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. देवांगने पिवळी टॅक्सी थांबवली. फाट्यावर परत आलो तर तिथे कुणी नाही. त्या टॅक्सीने पोलीस चौकी, तिथून शेअर टॅक्सीने पुढचं गाव, सहा माणसं कोंबलेली आणि मी रडत असलेली. मग एका पिकअपने बाजार, मग दवाखाना. प्रत्येक ठिकाणी रुचा उतरून स्पॅनिशमध्ये सांगायची, या बाईंचे मिस्टर हरवलेत. तिने मला एकदाही विचारलं नाही. मला पाण्याची बाटली द्यायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही, एवढंच. म्हणून मी पाणी प्याले नाही, ताई. त्यात पराक्रम काही नव्हता.

शेवटी एक पिकअपवाला म्हणाला, त्याच्या गावातल्या भाजीवालीच्या अंगणात एक म्हातारा परदेशी बसलाय. त्याच्याच गाडीत गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. हे अंगणात खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. अंघोळ घातलेली, तिच्या नवऱ्याची पँट घातलेली, ती घोट्याच्या वर येत होती. शेजारी सूप पिऊन संपवलेला वाडगा होता. ती बाई आणि तिच्या घरातली सगळी भोवती बसली होती.

मला बघितलं आणि हे उठून उभे राहिले. सगळ्यांना एकेक करून सांगायला लागले, मराठीत, "ही मालिनी. माझी बायको आहे ही." मग माझ्यामागे उभ्या असलेल्या रुचाकडे वळून तिलाही सांगितलं. "तुमची ओळख आहे का? ही माझी बायको."

मला वाटलं आता रुचा काहीतरी म्हणेल. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "हो काका, आमची झाली ओळख."

आता तिने प्रीताला जे सांगितलं आणि जे गाळलं, ते तुमच्या पत्रातून मला कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा माईकवर सगळंच सांगितलं गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मालिनी


ईडन प्रेरी
१६ एप्रिल

मालिनी,

दोन आठवडे लिहिता आलं नाही. रोज कागद घेते आणि ठेवते.

तू दुखावशील म्हणून गोड लिहिणं मला जमणार नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे. तो रस्त्यावर उभा होता आणि तुला हलकं वाटलं. मला ते वाक्य पुढे वाचू देत नाही.

त्याला इकडे पाठव. संजीव आणून सोडेल. तू येऊ नकोस. माझ्या भावाला मी बघते.

शोभना


फ्रिस्को
१८ एप्रिल

ती. शोभनाताई,

पाठवते. संजीव आणि सीमाला आता सगळं सांगितलंय. संजीव म्हणाला, "आई, यू शुड हॅव टोल्ड मी," आणि यांच्या बॅगेत कपडे भरायला लागला.

अंधार पडला की आरशाला टॉवेल लावा, त्यात परका माणूस दिसतो म्हणून हे घाबरतात. भात कालवून द्यावा लागतो. बाकी काही त्रास नाही.

तुम्ही लिहिलंत ते मला मान्य आहे.

मालिनी


ईडन प्रेरी
२१ मे

प्रिय मालिनी,

मी आता एक सांगणार आहे. ते वाचून तू हसलीस तरी चालेल.

श्रीराम इथे आला आणि पहिले काही दिवस मी फार मोठेपणात होते. ईशानला म्हणायचे, बघ, प्रेमाने वागलं की कसा शांत राहतो. तो मला आई म्हणतो. मला ते आवडायला लागलं होतं.

परवा शनिवारी मंडळाच्या बायकांची बैठक माझ्याकडे होती. तारीख जुनीच ठरलेली. रद्द करता आली असती, मी केली नाही. ईशान गावाला गेला होता. मी श्रीरामला वरच्या खोलीत बसवलं, टीव्ही लावला, दार बाहेरून लावून घेतलं. प्रीताला आणि ज्यांनी विचारलं त्या तिघींना म्हटलं, भाऊ आलाय, पण सर्दी झाल्ये, झोपलाय. हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं, मालिनी. सकाळी भाजी चिरताना ठरवलं.

प्रीता वर बाथरूमला गेली. तिला दाराचा आवाज आला असेल, तिने उघडलं. श्रीराम खाली आला तो माझा फुलाफुलांचा गाऊन घालून. आत दुसरं काही नव्हतं. पायऱ्यांवर उभा राहिला आणि सगळ्या बायकांना म्हणाला, "बसा, बसा. परीक्षा अजून सुरू झाली नाही."

एक नवीन मुलगी हसली. तिला वाटलं काही नाटक आहे. तिने मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "आमच्याकडे राहायला आलेत."

प्रीता आणि आणखी तिघींना माहीत होतं भाऊ आलाय ते. त्यांच्यासमोर मी असं म्हणाले. भाऊ हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी काही इक्वेडोरच्या बसमध्ये नव्हते. माझ्या घरात होते, माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

त्याला वर नेलं, कपडे घातले आणि त्याच्या पलंगावर बसून रडले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "कोण रागावलं तुला?" म्हणाला. "मी सांगतो त्याला." मग थोड्या वेळाने मी खाली जाऊन सांगितलं सगळं. आजाराचं नाव, दाराला कडी लावल्याचंसुद्धा. दोघीतिघी लवकर गेल्या. प्रीताने भांडी घासली.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी काल पुन्हा वाचलं आणि या वेळी पुढे वाचू शकले. तुला माफ करते असं म्हणत नाही. मला तो अधिकार राहिला नाही एवढंच.

ये. मला एकटीला जमत नाही. तुलाही एकटीला जमत नव्हतं, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

तुझी,
शोभना


फ्रिस्को
२९ जून

ती. शोभनाताई,

तुमच्याकडचे ते चार आठवडे आपण दोघी मिळून एकाच माणसाच्या मागे धावत होतो, तरी मला विश्रांती मिळाली. यांना घेऊन इथे परत आल्यावर संजीवने दिवसाची एक बाई ठरवली आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही येणार आहात, ते बदलू नका.

इकडे आल्यावर मी रुचाला फोन केला. तीन महिने ती मेसेज पाठवत होती, काकांची तब्येत विचारत होती, आणि मी उत्तर देत नव्हते. मी तिला म्हटलं, "तू माझं झाकलंस, ते मला सहन होत नाही."

ती म्हणाली, "मी काही झाकलं नाही काकू. मावशीला ते कसं सांगायचं तेच मला कळलं नाही. त्या दिवशी मला तुमचा खूप राग आला होता."

"अजून आहे?"

"थोडा आहे," म्हणाली. मग काकांना फोन द्या म्हणाली. हे तिच्याशी बराच वेळ भूगोलाचं बोलले.

काल यांना बसमध्ये बसायचंच होतं. फ्रिस्कोत कुठली आलीय बस. संजीवने आम्हाला प्लॅनोच्या स्टेशनवर सोडलं आणि आम्ही डाउनटाउनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये चढलो. डबा निम्मा रिकामा होता. पण हे एका बाईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही माझी जागा आहे. उठा." मराठीत.

ती आणि तिची मैत्रीण दोघी एकदम वर बघायला लागल्या. मी आधी डब्यात नजर फिरवली, ही सवय जात नाही, कुणी आपलं आहे का ते बघितलं. आपलंच होतं. त्या दोघीच मराठी होत्या. एकीच्या हातात मंडळाची पिशवी होती.

मी म्हटलं, "हे माझे मिस्टर आहेत. यांना आठवत नाही. माफ करा."

पिशवीवाली उठून पलीकडच्या सीटवर गेली आणि तिथे फोनमध्ये बघत बसली. दुसरी जागेवरच राहिली. तिने पर्स मांडीवर घेतली आणि यांना म्हणाली, "बसा काका."

हे बसले. मी त्यांच्यापलीकडे बसले. माझा चेहरा डाउनटाउन येईपर्यंत तापलेला होता, आणि पिशवीवाली मधूनमधून आमच्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं. उतरताना तिच्याच समोरून जावं लागलं, तेव्हा यांचा हात मी धरलेला होता.

तुमची,
मालिनी